चंद्रावरच्या मालाचे भाडे कक्षेत मोजू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रॉकेटचा खालचा टप्पा परत येऊन आपल्या पायांवर उभा राहतो, ही चित्रफीत आता घरोघरी पाहून झाली आहे. तिच्याबरोबर वर्तमानपत्रांत एक आकडा हमखास येतो: अंतराळात एक किलो माल नेण्याचे भाडे किती उतरले. आणि त्याच्या पुढच्याच परिच्छेदात चंद्रावरची वसाहत येते. या दोहोंच्या मध्ये जे राहून जाते, त्याबद्दल हे पत्र. भाड्याचा आकडा खोटा नाही, पण तो पृथ्वीपासून काहीशे किलोमीटरवरच्या कक्षेपुरता आहे. घाटावरून निघालेला ट्रक मुंबईच्या वेशीवरच्या कळंबोलीला लागला एवढेच त्यातून कळते. माल अजून काळबादेवीच्या दुकानात पोहोचायचा आहे.

स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीच्या फाल्कन ९ या रॉकेटचे जाहीर भाडे सुमारे ७ कोटी डॉलर आहे आणि पहिला टप्पा परत आणूनही ते जवळच्या कक्षेत १७ टनांच्या आसपास वजन नेते. किलोमागे साधारण ४ हजार डॉलर पडले. आता चंद्राच्या जमिनीवर माल उतरवून देण्याचा दर पाहा. अ‍ॅस्ट्रोबॉटिक या अमेरिकी कंपनीने आपल्या लँडरसाठी, म्हणजे चंद्रावर उतरणाऱ्या यानासाठी, जाहीर केलेला दर होता किलोला १२ लाख डॉलर. म्हणजे तीनशे पट. पहिला टप्पा फुकट मिळाला असे धरले तरी हे अंतर मिटत नाही, कारण खर्च त्या टप्प्यात नाहीच. तो पुढच्या प्रवासात आहे.

जवळच्या कक्षेतले यान सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेगाने फिरत असते. तिथून चंद्राकडे निघायला त्या वेगात आणखी ३.१ किलोमीटरची भर घालावी लागते. चंद्राच्या कक्षेत शिरताना ०.८ ते ०.९ किलोमीटर वेग मारावा लागतो आणि कक्षेतून जमिनीवर उतरताना १.९ च्या आसपास. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे तिथे पॅराशूट उघडत नाही आणि पंखही चालत नाहीत. सगळा वेग इंजिन उलटे पेटवूनच मारायचा, आणि त्यासाठीचे इंधन पृथ्वीवरून उचलून न्यायचे. ढोबळ हिशेब करू. कक्षेत १० टन पोहोचले. चंद्राकडे ढकलण्यात जळलेले इंधन आणि ढकलणारा रिकामा टप्पा वजा केला की ४ टन उरतात. कक्षेत शिरणे आणि उतरणे यांत त्यातले २.४ टन जळतात. जमिनीला टेकतात १.६ टन, आणि त्यात लँडरचे पाय, टाक्या, इंजिने, सौरपट्ट्या, संगणक हे सगळे आले. माल म्हणून हाती लागतो ६०० ते ७०० किलो, तोही लँडर काटकसरीने बांधला असेल तर. वर नेलेल्या वजनाचा साधारण पंधरावा हिस्सा.

पहिला टप्पा परत आणण्याचे मोल यामुळे कमी होत नाही, मात्र त्यालाही किंमत पडते. फाल्कन ९ चा पहिला टप्पा अडीच मिनिटांच्या सुमारास, ६५ ते ७० किलोमीटर उंचीवर सुटतो. तोवर त्याने सेकंदाला दोन किलोमीटरच्या आसपास वेग दिलेला असतो. बाकीचा वेग दुसरा टप्पा देतो आणि तो दर खेपेला वाया जातो. परतीसाठी पहिल्या टप्प्यात इंधन राखून ठेवावे लागते. त्यामुळे भूस्थिर उपग्रहांच्या वाटेवर रॉकेट टाकून दिले तर ८.३ टन जाते आणि टप्पा समुद्रातल्या तराफ्यावर उतरवला तर ५.५ टन. एक तृतीयांश माल गेला. खोल अंतराळाकडे जाताना ही वजाबाकी अधिक बोचते.

उतरण्याचा शेवटचा क्षण जवळून पाहण्यासारखा आहे. रिकामा टप्पा २५ टनांच्या आसपास, आणि त्याच्या नऊ इंजिनांपैकी एकच पेटवून जितके मंद करता येईल तितके केले तरी जोर ३० टनांच्या वर. त्यामुळे तो हवेत थबकूच शकत नाही. वेग शून्य व्हायचा तो नेमका तराफ्याच्या पृष्ठभागावर. आधी शून्य झाला तर टप्पा पुन्हा वर चढू लागेल, उशीर झाला तर आदळेल. २०१५ च्या जानेवारीत सुकाणूच्या जाळीदार पंखांचे हायड्रॉलिक तेल संपले आणि टप्पा तराफ्यावर आपटला. एप्रिलमध्ये इंजिनाची झडप चिकटली आणि जोर कमी-जास्त व्हायला विलंब लागला. डिसेंबर २०१५ मध्ये पहिल्यांदा यश आले. पुढच्याच महिन्यात एका पायाची खीळ बर्फामुळे नीट बसली नाही, तो पाय मिटला आणि उतरलेला टप्पा आडवा होऊन फुटला. २०१८ च्या फेब्रुवारीत फाल्कन हेवी या मोठ्या रॉकेटच्या मधल्या टप्प्यात इंजिने पुन्हा पेटवणारे रसायन पुरले नाही, तीनपैकी एकच इंजिन पेटले. कारणे पाहा: तेल, झडप, खीळ, काडीपेटीइतके रसायन. एकही कारण सिद्धांतातले नाही, सगळी कारखान्यातली आहेत. ती एकेक करून दुरुस्त झाली म्हणून आज तेच टप्पे तीसहून अधिक वेळा उडाले आहेत.

चंद्राच्या मालवाहतुकीत कारखान्यातली ही कामे अजून व्हायची आहेत. त्यांतले सर्वांत मोठे म्हणजे कक्षेत इंधन भरणे.

स्पेसएक्सच्या स्टारशिपच्या जातीचे मोठे यान धरू. रिकामे वजन १२० टन, माल १०० टन, इंधन मिथेन आणि द्रवरूप ऑक्सिजन. कक्षेत पोहोचेपर्यंत त्याच्या टाक्या जवळपास रिकाम्या झालेल्या असतात. तिथून चंद्रावर उतरायला माझ्या हिशेबाने ८६५ टन इंधन लागते. एका टँकर-यानाने १०० टन आणले तर नऊ खेपा, आणि वाटेतली गळती धरून दहा. सोसायटीत टँकरने पाणी घेणाऱ्या मुंबईकराला यातली मेख लगेच कळेल. दहावा टँकर येईपर्यंत पहिल्याचे पाणी टाकीत टिकले पाहिजे. आणि हे पाणी नाही. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळतो, मिथेन उणे १६१ ला, हायड्रोजन उणे २५३ ला. एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला उन्हाने उजळलेली पृथ्वी. टाकीवर कितीही थरांचे आवरण घातले तरी थोडी उष्णता शिरतेच. द्रवाची वाफ होते, टाकीतला दाब वाढतो आणि ती वाफ बाहेर सोडावीच लागते. ससून डॉकला पहाटे मासळीच्या पेट्यांत बर्फ भरतात तो गिऱ्हाइकापर्यंतचा वेळ मोजूनच. गाडी कुठे अडकली की बर्फाचे पाणी आणि मासळीचे नुकसान. इथेही तेच गणित आहे: दोन टँकरांमधले दिवस वाढले की उडालेली वाफ भरून काढायला आणखी एक टँकर, आणि त्याची वाट पाहताना आणखी वाफ. शिवाय सगळ्या टँकरांना एकाच कक्षेत पोहोचायचे असते. पृथ्वी फिरत असल्याने तळावरून त्यासाठी दिवसातून एखादीच वेळ मिळते. त्या वेळी वारा जोराचा असला तर दिवस गेला.

प्रत्यक्ष भरण्याची रीतही सोपी नाही. वजनरहित अवस्थेत द्रव टाकीच्या तळाशी बसत नाही, गोळे होऊन तरंगतो, आणि नळीत द्रवाऐवजी वायू शिरतो. म्हणून जोडलेल्या दोन्ही यानांना आधी छोट्या इंजिनांनी अगदी हलका, पण सतत रेटा द्यावा लागतो, म्हणजे द्रव एका टोकाला जमतो. मग नळ्या आणि झडपा थंड करायच्या, कारण कोमट नळीत शिरलेला पहिला द्रव तडतडून वाफ होतो. मग देणाऱ्या टाकीत दाब जास्त आणि घेणाऱ्या टाकीत कमी ठेवून द्रव ढकलायचा. किती भरले हे पातळी पाहून कळत नाही, कारण पातळीच नसते; तापमान, दाब आणि प्रवाह यांवरून हिशेब काढावा लागतो. जोडणीच्या तोंडाशी बर्फ धरला तर सुटताना अडचण. रशियाची (आधी सोव्हिएत संघाची) प्रोग्रेस ही मालवाहू याने १९७८ पासून अंतराळस्थानकांत इंधन भरत आली आहेत, हे इथे कोणी सांगेल. ते खरे आहे, पण ते इंधन साध्या तापमानाला टिकणारे, आणि एका खेपेला एक टनाच्या आत-बाहेर. अतिथंड इंधनाचे शेकडो टन हे वेगळेच काम आहे.

आता परतीचे पाहू, कारण पुनर्वापराचा खरा प्रश्न तिथे आहे. तेच यान माल उतरवून पृथ्वीवर परत आणायचे तर चंद्रावरून निघण्याचे सुमारे १३० टन इंधन आधी चंद्रावर उतरवावे लागते, आणि ते उतरवण्यासाठी आणखी इंधन. कक्षेतून निघताना लागणारे इंधन ८६५ टनांवरून १५०० टनांवर जाते. सहा-सात टँकर जास्त, ते निव्वळ रिकामे यान घरी आणण्यासाठी. न्हावा-शेवा बंदरात ज्यांचा कंटेनरशी संबंध येतो त्यांना रिकामा डबा परत पाठवण्याचा खर्च माहीत आहे. पण तिथे रिकाम्या डब्याला परतीचा माल मिळण्याची आशा तरी असते. चंद्रावरून आज दगडमातीच्या नमुन्यांपलीकडे परतीचा माल नाही. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की चंद्रावर माल नेणारे पहिले काही डझन लँडर परत आणू नयेत. पुनर्वापर करावा तो बूस्टरचा, म्हणजे खालच्या टप्प्याचा, आणि टँकरचा, कारण त्यांच्या फेऱ्या जास्त आणि परतीचा रस्ता छोटा. लँडर तिथेच राहू द्यावा. त्याच्या रिकाम्या टाक्या साठवणीला येतील, त्याचे पोलाद कापून वापरता येईल, त्याच्या सौरपट्ट्या दुसऱ्या यंत्राला वीज देतील. उतरल्यावर लँडरचे काय करायचे हे तो बांधतानाच ठरवायला हवे. टाकीला माणूस शिरेल एवढे तोंड ठेवायचे की नाही, हे वेल्डिंग झाल्यावर ठरवून चालत नाही.

दुसरा मार्ग मुंबईला ठाऊक आहे. धक्के बांधले जाण्याआधी मोठी जहाजे बंदरात दूर नांगर टाकत आणि माल मचव्यांतून किनाऱ्याला लागे. चंद्राच्या कक्षेत थांबणारे मोठे यान आणि कक्षा ते जमीन एवढीच ये-जा करणारा छोटा लँडर, ही तीच रचना आहे. मात्र मचव्याच्या वर-खाली प्रत्येक फेरीला इंधन लागते, आणि चंद्रावरच्या बर्फापासून ते तिथेच बनू लागेपर्यंत तेही पृथ्वीवरून न्यायचे.

वेळेचा जाच याहून कमी नाही. उथळ बंदरात मोठे जहाज घ्यायचे तर भरती पाहावी लागते, तसे चंद्रावर उतरायचे तर तिथली पहाट पाहावी लागते. चंद्रावरचा दिवस आपल्या चौदा दिवसांचा आणि रात्रही तेवढीच. सौरऊर्जेवर चालणारे यान पहाटे उतरले तरच पूर्ण दिवस मिळतो. चांद्रयान-३ चा विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ ला उतरला तो त्याच हिशेबाने, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याला झोपवावे लागले. रात्रीच्या थंडीनंतर तो जागा झाला नाही. ठरल्या जागेची पहाट हुकली तर पुढची साडेएकोणतीस दिवसांनी येते, आणि तेवढे दिवस कक्षेतले इंधन उकळत राहते. मालाचे खोके रात्रभर जिवंत राहायचे असेल तर त्याला ऊब हवी. या बाबतीत मुंबईचा एक हातभार फारसा कुणाला माहीत नाही. चांद्रयान-३ च्या प्रोपल्शन मॉड्यूलवर, म्हणजे लँडरला चंद्रापर्यंत नेणाऱ्या भागावर, एकेक वॅटची दोन किरणोत्सारी ऊबयंत्रे होती आणि ती ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवली होती. एक वॅट ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण नीट गुंडाळलेली बॅटरी गोठू न देण्याच्या कामात एकेक वॅट मोजला जातो.

आणि उतरणे. २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा विक्रम कोसळला त्याची इस्रोने दिलेली कारणे अशी: पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, चुका साचत गेल्या, त्या सुधारायला यानाला झटकन वळायचे होते पण प्रणालीने वळण्याचा वेग बांधून ठेवलेला होता, आणि उतरायची जागा जेमतेम ५०० मीटर बाय ५०० मीटर. चांद्रयान-३ मध्ये इंजिने चार केली, इंधन वाढवले, वेग थेट मोजणारे लेझर उपकरण बसवले, पाय सेकंदाला ३ मीटर वेगाचा धक्का सोसतील असे केले, आणि जागा ४ बाय २.४ किलोमीटरची घेतली. इतरांचेही तसेच झाले. जपानी कंपनी आयस्पेसचे यान एप्रिल २०२३ मध्ये विवराच्या कडेवरून गेले. खालची जमीन अचानक ३ किलोमीटर खोल गेल्यावर संगणकाने उंचीमापकच बिघडला असे मानले, आणि यान ५ किलोमीटर उंचीवर इंधन संपेपर्यंत तरंगत राहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेचे ओडिसियस आडवे पडले. त्याच्या लेझर उंचीमापकाची सुरक्षा-कळ उड्डाणाआधी काढायची राहून गेली होती. मार्च २०२५ मध्ये ब्लू घोस्ट नीट उभे राहिले आणि चारच दिवसांनी अथीना आडवे झाले.

वैज्ञानिक मोहिमेला ४ किलोमीटरचा पट्टा चालतो. मालवाहतुकीला चालत नाही. तीन लँडर तीन-तीन किलोमीटरवर उतरले तर तो माल एका जागी कोण आणणार? चांद्रयान-३ ची प्रज्ञान बग्गी आपल्या सगळ्या आयुष्यात सुमारे १०० मीटर चालली. आणि जवळजवळ उतरवले तर दुसरे संकट. हवा नसल्याने इंजिनाच्या झोताने उडालेली धूळ अडत नाही, गोळीसारखी दूरवर जाते. १९६९ च्या नोव्हेंबरात अपोलो १२ तिथे आधीच उतरलेल्या सर्व्हेयर ३ या मानवरहित यानापासून सुमारे १६० मीटरवर उतरले. अंतराळवीरांनी त्याचे जे भाग काढून आणले, त्यांच्यावर वाळूचा मारा झाल्याच्या खुणा सापडल्या. म्हणून आधी दिशा दाखवणारे बीकन, मग भाजून घट्ट केलेल्या मातीचा उतरणतळ आणि त्याभोवती बांध, हे पहिल्या खेपांचे काम असायला हवे.

हमालीचा विचार तर कोणीच करत नाही. स्टारशिपचा चांद्र-लँडर पन्नास मीटर उंच, आणि माल वरच्या भागात. म्हणजे उद्वाहक बिघडला की माल कित्येक मजले वर अडकला. चंद्रावर ६०० किलोचे खोके हाताला १०० किलोचे लागते, पण हलू लागल्यावर थांबवायला ते ६०० किलोचेच असते. दोरीवर झुलणारे खोके आवरताना हे विसरले तर पाय चेचला जाईल. चंद्राची धूळ धारदार, वर विद्युतभारित. बिजागऱ्या आणि रबरी सीलमध्ये शिरते.

भारताची पावले योग्य दिशेने पडत आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने चांद्रयान-४ आणि नव्या पिढीचे रॉकेट या दोन्हींना मंजुरी दिली. चांद्रयान-४ चे भाग दोन उड्डाणांतून जाऊन कक्षेत जोडायचे आहेत. त्याची तालीम म्हणून इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेतले प्रत्येकी २२० किलोचे दोन उपग्रह १६ जानेवारी २०२५ ला एकमेकांना जोडले गेले. नवे रॉकेट जवळच्या कक्षेत ३० टन नेईल आणि त्याचा पहिला टप्पा परत येण्याजोगा असेल. इस्रोच्या आजच्या सर्वांत मोठ्या रॉकेटमध्ये, एलव्हीएम-३ मध्ये, ते शक्य नाही, कारण त्याचे दोन मोठे बूस्टर घन इंधनाचे आहेत आणि घन इंधन एकदा पेटले की विझवून पुन्हा पेटवता येत नाही. स्पेडेक्समध्ये दोन उपग्रहांनी एकमेकांना वीज दिली. पुढची पायरी द्रव देण्याची. पाच-दहा किलो द्रवरूप ऑक्सिजन एका छोट्या उपग्रहातून दुसऱ्यात नेऊन, तो महिनाभर टिकवून, किती उरला हे मोजून दाखवणारी मोहीम इस्रोने लवकर हाती घ्यावी. तिला मोठे रॉकेट लागत नाही, इस्रोचे छोटे पीएसएलव्ही पुरेल. विक्रोळीत गोदरेजने इस्रोच्या रॉकेटांची विकास इंजिने आणि क्रायोजेनिक (अतिथंड इंधनाच्या) इंजिनांचे भाग घडवले आहेत, पवईत एल अँड टीने बूस्टरचे. अतिथंड झडपा, नळ्यांचे जोड आणि धूळ न शिरणारी सील यांचे काम करणारे हात याच शहरात आहेत. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी आणखी एक छोटे रॉकेट उडवण्यापेक्षा यातली एखादी झडप द्रवरूप नायट्रोजनमध्ये शंभर वेळा उघडून-मिटून पाहावी, असे मला मनापासून वाटते.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. चंद्रमोहिमेची बातमी छापताना सोबत चार आकड्यांची चौकट द्यावी: उड्डाणाचे वजन, रॉकेटपासून सुटलेल्या यानाचे वजन, उतरण्यासाठी सुटलेले वजन आणि प्रत्यक्ष मातीवर उतरवलेला माल. चांद्रयान-३ साठी ती अशी झाली असती: ६४० टन, ३,९०० किलो, १,७५२ किलो, आणि उतरंडीवरून खाली आलेली २६ किलोची बग्गी.

आपला,
एक अभियंता वाचक,
भांडुप (पूर्व), मुंबई